अंगठा गरिबाचा, आवाज कोणाचा?

सरकारी मदत घेणाऱ्याने आपली पात्रता सिद्ध करावी, ही अपेक्षा गैर नाही. परंतु त्यासाठीची कसोटी कोणाच्या संमतीने ठरली, हे जाणण्याचा अधिकारही मतदाराला असला पाहिजे. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याने २०११ साली रोख मदत मागणाऱ्यांवर मादक द्रव्यांच्या तपासणीची सक्ती केली. दोषी आढळले ते शेकडा तीनही नव्हते आणि पुढे न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. तथापि त्या कायद्याला कोणत्या प्रतिनिधीने मत दिले, हे तेथील मतदाराला नावानिशी पाहता येते.

आपल्याकडील कसोटी नशेची नाही, ओळखीची आहे. सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते. वर्षानुवर्षे पान कातरून आणि दोरा गुंडाळून बोटांवरील रेषा झिजतात. मग रेशन दुकानातील यंत्र तो अंगठा ओळखेलच, याचा भरवसा उरत नाही. पर्यायी मार्ग आहेत. पण त्यासाठी घालावा लागणारा प्रत्येक हेलपाटा म्हणजे बुडालेली मजुरी. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली जे धान्य हक्काचे केले, ते पुन्हा विनवणीचे होते.

सरकारी लाभांसाठी ओळख पटविण्याची अट घालण्यास आधार देणारा ‘आधार’ कायदा लोकसभेने ११ मार्च २०१६ रोजी आवाजी मतदानाने संमत केला. ज्याला ‘आधार’ नको त्याला ओळखीचा अन्य मार्ग द्यावा, अशा आशयाची दुरुस्ती राज्यसभेने सुचविली. धन विधेयक असल्याने ती लोकसभेवर बंधनकारक नव्हती आणि १६ मार्च रोजी फेटाळली गेली. त्या वेळी सोलापूरचे खासदार शरद बनसोडे सत्ताधारी पक्षाचे, तर माढ्याचे विजयसिंह मोहिते-पाटील विरोधी पक्षाचे होते. आवाजी मतदानात कोणाच्याही नावापुढे मत नोंदले जात नाही. हा दोष व्यक्तींचा नव्हे, पद्धतीचा आहे.

आवाजी मतदानाने वेळ वाचतो आणि सदस्याने मागणी केल्यास मतविभागणी होऊ शकते, असे समर्थन केले जाते. मग ती मागणी नियमाने का होऊ नये? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेशाबाहेर मत देणे सदस्यत्वावर बेतते, हे खरे. परंतु आदेश पाळला याची तरी नोंद राहील आणि मतदाराला जाब कोणाला विचारावा हे कळेल.

मते नोंदविणारे यंत्र लोकसभेत १९५७ सालीच आले. विडी कामगार स्त्रीच्या अंगठ्याची परीक्षा यंत्र घेते, तर तिच्या धान्याला अट घालणाऱ्या प्रत्येक विधेयकावर तिच्या प्रतिनिधीनेही यंत्राचे बटण दाबलेच पाहिजे. झिजलेला अंगठा पुरावा मागितला तर पुढे होतो; ज्याचा अंगठा शाबूत आहे, त्याने मागे राहू नये.