आखाडाचे खेकडे आणि करुणेचा हिशेब

श्रावण लागण्यापूर्वी लेकीजावयांना बोलावून घरात सामिष जेवण करावे, ही पुणे जिल्ह्यातील आखाडाची जुनी रीत. याच दिवसांत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात ओढे वाहू लागतात, भातखाचरे तुडुंब होतात आणि खेकडे बिळांबाहेर पडतात. कातकरी, ठाकर, महादेव कोळी माणसे रात्रीच्या पावसात ते पकडतात. सकाळी जिवंत खेकडे घाटरस्त्याच्या कडेला विक्रीस येतात आणि दुपारी शहरी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात पोहोचतात.

तेथे जे घडते त्याची वाच्यता होत नाही. मेलेल्या खेकड्याचे मांस फार लवकर नासते, म्हणून तो जिवंत आणावा लागतो, हे खरे. परंतु जिवंत आणणे वेगळे आणि जिवंतपणी त्याच्या नांग्या व पाय मोडणे वेगळे. मोडलेले पाय वाटून, गाळून रस्सा होईपर्यंत धड परातीत हलत असते. शेवंड जिवंत उकळण्यावरून युरोपात झालेला वाद याच जातीचा. स्वित्झर्लंडने २०१८ साली शेवंड बधिर न करता उकळण्यास बंदी केली. ब्रिटनने २०२२च्या कायद्यात खेकडा व शेवंड यांची गणना संवेदनशील प्राण्यांत केली. बेलफास्ट येथे रॉबर्ट एलवूड यांनी केलेल्या प्रयोगांत, जेथे विजेचा धक्का बसतो तो आडोसा खेकडे टाळू लागल्याचे दिसले होते. भारताच्या १९६०च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यातही माणूस सोडून प्रत्येक सजीव हा ‘प्राणी’ आहे. अन्नासाठी मारण्यास त्यात मुभा आहे. अनावश्यक वेदना देण्यास नाही.

येथे पुरोगामी वाचक बिचकेल, आणि ते रास्तच आहे. प्राणिदयेच्या नावाखाली दुसऱ्याच्या ताटावर पहारा बसवण्याचे राजकारण महाराष्ट्राने २०१५च्या गोवंश हत्याबंदीत पाहिले आहे. त्याची किंमत मोजली ती भाकड जनावर पोसणाऱ्या शेतकऱ्याने आणि व्यवसाय गमावलेल्या खाटकाने. तेव्हा कातकऱ्याच्या चुलीपाशी जाऊन भूतदयेचे प्रवचन झोडण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण म्हणून प्रश्न संपत नाही. तो योग्य दारात न्यावा लागतो. एकाला खेकडा हे पावसाळ्यातले अन्न आणि रोख पैसा आहे. दुसऱ्याला ती सणाची चैन आहे. ज्याला निवड आहे, त्याच्यावर जबाबदारीही अधिक आहे.

त्या जबाबदारीचा दुसरा भाग बाजारातला आहे. गाडीच्या काचेतून घासाघीस करून ठरलेल्या भावात रात्रीचे श्रम आणि सर्पदंशाची भीती धरलेली नसते. पुढील वर्षाचा खेकडाही धरलेला नसतो. गोड्या पाण्यातील मादी अंडी आणि पुढे इवली पिल्लेही पोटाखाली वागवते. अशी मादी पातेल्यात गेली की अख्खी वीण जाते. मागणी शहराची असते. ओढा रिता झाल्याचा तोटा मात्र आदिवासीच्या वाट्याला येतो.

आंबेगावला हा व्यवहार नवा नाही. ज्या गावाचे नाव तालुक्याला मिळाले, ते घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. पाणी कालव्यांनी पूर्वेकडे गेले. विस्थापितांच्या वाट्याला काठ उरला. त्याच जलाशयात पुढे आदिवासींनी सहकारी संस्था उभारून मासेमारी हाती घेतली, ती संघटनेच्या बळावर. २००६चा वनहक्क कायदा मासे ‘आणि जलाशयातील इतर उत्पादने’ यांवरचा सामूहिक हक्क मान्य करतो. वनातल्या ओढ्यांचे खेकडे त्यात का येऊ नयेत? हा हक्क बजावून पिल्लांची मादी न धरण्याचा नियम आणि वाजवी भाव ग्रामसभेनेच ठरवावा. बाहेरून लादलेल्या बंदीपेक्षा तो अधिक टिकेल.

शहरी घराला करण्याजोगे थोडेच आहे. मागितलेला भाव द्यावा. मादी पिल्लांसह असेल तर घेऊ नये. खेकडे बर्फात ठेवून निश्चल होऊ द्यावेत, मग धारदार सुरीने पोटाकडून मज्जाकेंद्र छेदून ते झटकन मारावेत. नांग्या त्यानंतर काढाव्यात. रश्श्याची चव त्याने उणावत नाही. मात्र खेकड्यासाठी हळहळणारे मन तो पकडणाऱ्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालत असेल, तर त्या हळहळीला करुणा म्हणता येणार नाही.