वर्णभेदी राजवट आणि संबंध राखण्याचा युक्तिवाद



दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवट बहिष्काराने नव्हे, तर तिच्याशी संबंध राखणाऱ्या लोकशाही राष्ट्रांच्या संयमाने नमली, असे प्रतिपादन अधूनमधून केले जाते, आणि त्यासाठी अमेरिकेच्या ‘रचनात्मक सहभागा’चा, म्हणजे राजवटीला एकटे न पाडता संवादातून सुधारणेकडे वळवण्याच्या धोरणाचा, दाखला दिला जातो. रेगन प्रशासनाने १९८१पासून राबवलेल्या या धोरणाचे शिल्पकार चेस्टर क्रॉकर यांच्या मध्यस्थीमुळेच डिसेंबर १९८८चा करार होऊन नामिबियाच्या स्वातंत्र्याची वाट मोकळी झाली, हे श्रेय त्यांना द्यावेच लागते. परंतु शेजारच्या प्रदेशावरचा ताबा सोडणे निराळे आणि स्वदेशातील बहुसंख्याकांना मताधिकार देणे निराळे. या सहभागाच्या ऐन भरात, १९८४ साली, अस्तित्वात आलेल्या त्रिसदनी संसदेत मिश्रवंशीयांना व भारतीय वंशीयांना दुय्यम सभागृहे मिळाली, कृष्णवर्णीयांना एकही नाही. आणि जून १९८६मध्ये तर आणीबाणी देशभर पसरली. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने रेगन यांचा नकाराधिकार झुगारून निर्बंधांचा कायदा केला, आणि त्या मतदानात रेगन यांच्याच पक्षाचे अनेक सदस्य त्यांच्या विरोधात गेले.

संबंध तोडले की प्रभावही संपतो, हा आक्षेप भारताच्या अनुभवावर तपासण्याजोगा आहे. नाताळ व ट्रान्सवालमधील भारतीयांच्या जमीनधारणेवर निर्बंध लादणारा कायदा १९४६ साली झाला तेव्हा भारताने आपले उच्चायुक्त, वऱ्हाडचे रामराव देशमुख, यांना परत बोलावले आणि व्यापार थांबवला; तोही निर्यातीचा सुमारे पाच टक्के वाटा पणाला लावून, आणि देश अजून स्वतंत्र झालेला नसताना. या एकाकी बहिष्काराने राजवट कोसळली नाही, हे खरेच. मात्र हा आपला अंतर्गत प्रश्न आहे, हा दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांचा बचाव विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्याच वर्षी ८ डिसेंबरला दोन-तृतीयांश बहुमताने मोडीत काढला, आणि पुढच्या निर्बंधांना तेथून आधार मिळाला. उच्चायुक्त कायम ठेवून जे साधले असते, त्याहून हे कमी नव्हते.

भारताने राजनैतिक संबंध पुन्हा जोडले ते नोव्हेंबर १९९३मध्ये; सर्व वंशांना समान मताधिकार देणाऱ्या अंतरिम राज्यघटनेवर वाटाघाटीतील पक्षांचे एकमत झाले तेही त्याच महिन्यात.