होज आहे, पाणी आहे, पण जोड?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ‘फायर होज अ‍ॅडाप्टर’ला शुद्ध मराठी शब्द माझ्याकडे मागू नका. न जुळणारी दोन तोंडं जुळवणारा धातूचा तुकडा, एवढं पुरे. दिसायला किरकोळ; पण माझ्या मते आपल्या होस्टेलमध्ये सगळ्यात दुर्लक्षित वस्तू हीच आहे.

७ फेब्रुवारी १९०४ ला अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाहून बंब धावून आले. माणसं होती, पाणी होतं. पण बाहेरच्या बऱ्याच होज तिथल्या हायड्रंटला बसेनात. आटे वेगळे! आग तीस तासांहून जास्त चालली, दीड हजारांवर इमारती गेल्या. पुढच्याच वर्षी तिथे आट्यांचं मानक ठरलं. तरी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडला तीच गत: तिथल्या हायड्रंटची तोंडं ३ इंची, मदतीला आलेल्यांच्या होज अडीच इंची. अ‍ॅडाप्टरशिवाय काही चालेना.

आपल्याकडे आयएस ९०३ आहे आणि ६३ मिमीचं इन्स्टंटेनिअस कपलिंग आहे. आटे फिरवायचे नाहीत, मेल टोक फिमेलमध्ये ढकललं की खटकन बसतं. (या नावांवर वर्कशॉपमध्ये हसून झालंय, पुढे चला.) हायड्रंटचं तोंड फिमेल. घाईत होज उलटी अंथरली की फिमेलसमोर फिमेल! मग तिथे ‘डबल मेल’ अ‍ॅडाप्टर आणि नोझलकडच्या टोकाला ‘डबल फिमेल’. आट्यांच्या नळाला ही होज लावायची तर एका बाजूला आटे असलेला अ‍ॅडाप्टर. जाड होजवरून बारीक होजवर जायचं तर रिड्यूसर. जर्मनीत रुळलेल्या स्टॉर्झ कपलिंगची दोन्ही टोकं सारखीच, त्यामुळे तिथे मेल-फिमेलचा घोळच नाही.

कोणी म्हणेल, मानक आहे तर अ‍ॅडाप्टर कशाला? अहो, मानक आहे म्हणून सगळं बसेलच असं धरणं म्हणजे सिलॅबस शिकवून झाला म्हणून सगळे पास होतील असं धरणं! कपलिंग झिजतं, वॉशर कडक होतो, आणि गनमेटलला भंगारात भाव असल्यामुळे तुकडा गायबही होतो.

म्हणून रेक्टर सरांना एकच विनंती. १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. त्या दिवशी भाषण नको. प्रत्येक मजल्यावरचा होज बॉक्स उघडू, होज खरोखर जोडून पाणी सोडू. अग्निशमन दलालाही बोलावू, त्यांची होज आपल्या हायड्रंटला लावून बघू. जे बसणार नाही त्याचा अ‍ॅडाप्टर आणून बॉक्समध्ये साखळीने बांधू. मेकॅनिकलवाले आहोतच, हाताला काम द्या!