हॉटेलातलं प्लास्टिक आणि ‘डिफॉल्ट’: साधं पाणी की बिसलेरी?

महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी लागू झाली २३ जून २०१८ ला. अधिसूचना त्याच वर्षी २३ मार्चला निघाली होती, साठा संपवायला तीन महिने मिळाले आणि मग पावत्या फाटायला लागल्या. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार रुपये दंड, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. चार वर्षांनी, १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही एकदा वापरून फेकायच्या वस्तूंची यादी करून ती देशभर बंद केली.

म्हणजे कायदे भरपूर आहेत. तरीही आज ओवे गावातल्या किंवा शेजारच्या खारघरमधल्या कुठल्याही साध्या बसून जेवायच्या हॉटेलात गेलात, तर निघताना टेबलावर प्लास्टिक उरतंच. असं का होतं, आणि ते कमी करायचं तर नेमकं कुठलं बटण दाबायचं, ते या लेखात बघूया. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हा प्रश्न बंदीपेक्षा ‘डिफॉल्ट सेटिंग’चा जास्त वाटतो.

आधी बघूया, प्लास्टिक येतं कुठून?

ओवे हे पनवेल तालुक्यातलं जुनं गाव. खारघर नोड वाढत वाढत त्याच्या अंगावर आला, २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रोही सुरू झाली. इथली हॉटेलं म्हणजे थाळीवाले, आगरी पद्धतीच्या खानावळी, उडप्याचा डोसा, चायनीज आणि बिर्याणी. फॅमिली येते, बसते, जेवते, उरलेलं बांधून घेते.

अशा हॉटेलात जेवणाच्या ताटात प्लास्टिक फारसं नसतं. थाळी स्टीलची, पेला स्टीलचा किंवा काचेचा, चमचा स्टीलचा. बसून खाणाऱ्याला थर्माकोलची प्लेट देणारे पूर्वीही कमीच होते. प्लास्टिक येतं ते ताटाच्या आजूबाजूने, तीन दारांतून:

१. पाणी. टेबलावर येणारी सीलबंद बाटली.

२. पार्सल. उरलेली बिर्याणी, रस्सा किंवा घरी न्यायची ऑर्डर. काळा डबा, पारदर्शक झाकण, रश्श्याची पिशवी.

३. फुकटच्या गोष्टी. सॉसची पुडी, स्ट्रॉ, पार्सलबरोबरचा चमचा, ओल्या टिश्यूचं पाकीट.

आता कायदा यांच्याबद्दल काय म्हणतो ते बघा. केंद्राच्या यादीत प्लेट, कप, ग्लास, चमचे, काटे, सुऱ्या, स्ट्रॉ, ट्रे, ढवळायच्या काड्या वगैरे आहेत. पार्सलचा डबा त्यात नावाने नाही. राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेत मात्र हॉटेलातल्या पॅकिंगचे एकदा वापरायचे डबे आणि वाट्याही होत्या. जुलै २०२२ मध्ये राज्याने आतून प्लास्टिकचा थर दिलेले कागदी कप-प्लेटही बंद केले आणि त्याच वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र असलेल्या कंपोस्टेबल वस्तूंना सूट दिली. हॉटेल मालकाने हे सगळं पाठ ठेवायचं म्हणजे एखाद्या सरकारी ॲपच्या अटी वाचण्यासारखंच आहे.

आणि पाण्याची बाटली? ती यापैकी कुठल्याच यादीने थांबलेली नाही. बसून जेवायच्या हॉटेलात सगळ्यात उठून दिसणारं प्लास्टिक आजही पूर्ण कायदेशीर आहे.

डिफॉल्ट म्हणजे काय?

सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्ट म्हणजे तुम्ही काहीच निवडलं नाही तर आपोआप लागू होणारा पर्याय. नवा फोन घेतल्यावर रिंगटोन बदलणारे किती असतात? बहुतेकजण आहे तीच ठेवतात. म्हणूनच ॲप बनवताना एखादा चौकोन आधीच टिक केलेला असावा की रिकामा, यावर तासन्‌तास मीटिंगा होतात.

याचा प्लास्टिकशी काय संबंध? चीनमध्ये अलिबाबाच्या एलेमा या फूड डिलिव्हरी ॲपने शांघाय, बीजिंग आणि टिआंजिनमध्ये एक बदल केला. आधी चमचे-चॉपस्टिक आपोआप यायचे, नको असतील तर सांगावं लागायचं. बदलानंतर ‘नको’ हे डिफॉल्ट झालं, हवे असतील तर मागायचे. न घेणाऱ्याला हरित गुण मिळायचे आणि पुरेसे जमले की त्याच्या नावाने वाळवंटात झाड लावलं जायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचा अभ्यास छापून आला. चमचे-चॉपस्टिक नको म्हणणाऱ्या ऑर्डरचं प्रमाण ६४८ टक्क्यांनी वाढलं होतं, म्हणजे जवळपास साडेसात पट. धंद्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही.

आपल्याकडे झोमॅटोनेही ऑगस्ट २०२१ मध्ये हेच केलं. चमचा हवा असेल तर तुम्ही मागायचा. दंड नाही, धाड नाही, जाहिरातही फारशी नाही. फक्त एका चौकोनातली टिक काढली.

आता उलट उदाहरण. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून प्लास्टिकच्या डब्यात पार्सल देणाऱ्या हॉटेलांना पुन्हा वापरायच्या डब्याचाही पर्याय, जास्त पैसे न घेता, द्यावाच लागतो. छोट्या हॉटेलांनी निदान गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या डब्यात भरून द्यायचं. कायदा चांगला आहे, पण त्यात पर्याय नुसता ‘उपलब्ध’ आहे. गिऱ्हाइकाने काही बोलायचं नाही म्हटलं तर फेकायचाच डबा हातात येतो. डिफॉल्ट जुनंच राहिलं.

हॉटेलात डिफॉल्ट कोण ठरवतं?

ॲपमध्ये चौकोन असतो. बसून जेवायच्या हॉटेलात चौकोनाच्या जागी वेटर असतो. तुम्ही खुर्ची ओढता आणि तो विचारतो, ‘साहेब, साधं पाणी की बिसलेरी?’

हा प्रश्न नीट ऐका. ‘साधं’ या शब्दातच थोडा कमीपणा आहे. समोर पाहुणे असतील, होणारे व्याही असतील, तर ‘साधं’ म्हणायला जीभ जड होते. कित्येक ठिकाणी तर प्रश्नही येत नाही, बाटली आधीच टेबलावर असते आणि सील तुटलं की बिलात लागते. याला आम्ही आधीच टिक केलेला चौकोन म्हणतो.

यात मालकाचा स्वार्थ आहे का? आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १२ डिसेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की हॉटेल-रेस्टॉरंटला बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा जास्त दरानेही विकता येतं, कारण तिथे गिऱ्हाईक नुसतं पाणी विकत घेत नाही, जागा आणि सेवाही घेतं. भाकरी थापायला बाई लागते, गॅस लागतो, तांदळाचं पीठ लागतं. बाटलीला फक्त फ्रिज लागतो. मेन्यूवर इतक्या कमी कष्टाचा दुसरा पदार्थ नसेल. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून बाटलीबंद पाण्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. रेल नीरची एक लिटरची बाटली तेव्हा १५ ची १४ रुपये झाली. म्हणजे एका हाताने प्लास्टिक कमी करा आणि दुसऱ्या हाताने बाटली स्वस्त.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही कारण आहे: विश्वास. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांत राहणारा माणूस हॉटेलच्या टाकीवर डोळे मिटून विश्वास कसा ठेवेल? बाळ बरोबर असेल तर मीही बाटलीच घेईन. त्यामुळे ‘बाटली बंद करा’ म्हणण्याआधी ‘साधं पाणी चांगलं आहे’ हे दाखवावं लागेल.

मग करायचं काय?

मोठं भांडवल न लागणारे, या भागातल्या हॉटेलाला परवडतील असे बदल सांगतो.

पाण्याचा प्रश्न बदला. ‘साधं की बिसलेरी’ ऐवजी जग भरून टेबलावर ठेवायचा आणि ‘फिल्टरचं आहे, गार हवं की नॉर्मल?’ असं विचारायचं. बाटली मेन्यूत राहू दे, मागणाऱ्याला द्या. फिल्टर घेण्याआधी पाण्याचा टीडीएस मोजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही चांगली मर्यादा धरली आहे आणि धरणाचं पाणी सहसा तिच्या बरंच खाली असतं. अशा पाण्याला आरओची गरज नसते, आरओ उलट पाणी वाया घालवतो. यूएफ-यूव्ही प्रकारचा फिल्टर पुरतो. बोअरवेल किंवा टँकरचं असेल तर गणित वेगळं, म्हणून आधी मोजा.

आणि विश्वासाचं? टेबलावर क्यूआर कोड आधीच आहे, मेन्यूचा आणि पेमेंटचा. त्याच मेन्यूच्या पानावर पाण्याचा लॅब रिपोर्ट आणि फिल्टर कधी बदलला ती तारीख टाका. खर्च जवळपास शून्य.

बिलिंग सॉफ्टवेअर वापरा. बहुतेक हॉटेलांत आता संगणकावर बिल निघतं आणि किचनला केओटी जाते. त्यातला आयटमप्रमाणे विक्रीचा रिपोर्ट काढा, महिन्यात किती बाटल्या गेल्या ते बघा आणि किती माणसं जेवली त्याने भागा. समजा दिवसाला १५० जण जेवतात आणि दर तिसरा बाटली घेतो, तर महिन्याला १५०० बाटल्या. वेटरचा प्रश्न बदलल्यावर दर सहावा घेऊ लागला, तर ७५० राहतील. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुमचे तुमच्या रिपोर्टमध्ये आहेत.

डबे, चमचे, पुड्या मात्र या रिपोर्टमध्ये दिसत नाहीत, कारण ते विकले जात नाहीत, ‘जातात’. त्यावरही उपाय आहे. सॉफ्टवेअरच्या इन्व्हेंटरी भागात प्रत्येक पदार्थाची रेसिपी भरता येते. पार्सलच्या रेसिपीत तांदूळ-मटणाबरोबर डबा, झाकण आणि पिशवी पण घाला. महिनाअखेरीस पॅकिंगवर खरा खर्च किती झाला ते समोर येईल. चमचा आणि सॉस हे ‘मागितलं तरच’ असे ॲड-ऑन करा, म्हणजे केओटीवर छापून आल्याशिवाय किचन ते पिशवीत टाकणारच नाही.

डब्यासाठी डिपॉझिट. डबा परत आणण्याचं तंत्र मुंबईला कुणी शिकवायला नको. डबेवाले १८९० च्या सुमारापासून झाकणावरच्या खुणांच्या जोरावर तोच डबा त्याच घरी परत पोचवतात. गावातल्या हॉटेलचं नेहमीचं गिऱ्हाईक अर्ध्या किलोमीटरच्या आत राहतं. स्टीलच्या डब्याचे पैसे बिलात डिपॉझिट म्हणून लावा आणि परत आणल्यावर वळते करा. अनोळखी गिऱ्हाइकाला हे चालणार नाही, पण रोजचा रस्सा नेणाऱ्याला सहज चालेल. राज्यभर करायचं तर शेजारी बघता येईल: गोव्याने २०२४ मध्ये अशा वस्तूंसाठी डिपॉझिट परत देण्याची योजना अधिसूचित केली आहे.

‘इको-फ्रेंडली’ लेबल तपासा. कागदी कप म्हणजे प्लास्टिकमुक्त नव्हे. गळू नये म्हणून त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात, अशा कपात गरम पेय १५ मिनिटं ठेवलं तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५ हजार सूक्ष्मकण सुटतात असं दिसलं. कंपोस्टेबल डबा घेत असाल तर त्यावर उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा नंबर आहे का बघा. १ जुलै २०२५ पासून प्लास्टिक पॅकेजिंगची माहिती बारकोड किंवा क्यूआरमध्ये देण्याचीही सोय झाली आहे, तो स्कॅन करा. आणि लक्षात ठेवा, कंपोस्टेबल वस्तू सुक्या कचऱ्याच्या डब्यात गेली तर तिचं कंपोस्ट होत नाही.

सुरुवात कुठून?

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. मोजायला बाटली सोपी आहे, पण सगळ्यात घातक ती नाही. रिकामी बाटली भंगारवाला घेतो, तिला भाव आहे, ती रीसायकल होते. तेलकट काळा डबा, रश्श्याची पिशवी आणि सॉसची पुडी कुणी उचलत नाही. ते एक तर क्षेपणभूमीत जातात आणि त्याचा वास तळोज्याच्या बाजूच्या लोकांनी घ्यायचा, नाही तर नाल्यातून खाडीत. २६ जुलै २००५ च्या पुरात तुंबलेल्या गटारांनी काय केलं ते या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. म्हणून क्रम असा लावा: आधी जे भंगारवालाही घेत नाही ते, मग बाटली.

डिफॉल्ट बदलून सगळं सुटणार नाही हेही खरं. किचनमध्ये दुधाच्या पिशव्या, तेलाचे कॅन, मसाल्याची पाकिटं येतच राहतील, ती जबाबदारी उत्पादकांची. बाटलीतून सुटणारा नफा मालकाला दुसरीकडून काढावा लागेल, सोलकढी किंवा ताक हा त्याला चांगला पर्याय वाटतो. त्यात मार्जिन आहे आणि पेला धुऊन परत वापरता येतो.

पालिकेलाही इथे एक काम आहे. धाड टाकून दंड वसूल करायचा तो करा, पण खाद्य परवाना दाखवतात तसा पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट हॉटेलाच्या दर्शनी भागात लावायला सांगा. आज बाटली विकली जाते ती चवीसाठी नाही, भीतीपोटी. ती भीती कमी झाली, तर वेटरला प्रश्न विचारायचीही गरज उरणार नाही.