सहेरीची वीज येते कुठून? कोळसा, फीडर आणि नगरचे मोहल्ले

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात कोळशावर चालणारे मोठे सरकारी वीज केंद्र नाही. त्यामुळे कोळशाची टंचाई, बंद पडलेला संच अशा बातम्या आपल्याला दुसऱ्या गावच्या वाटतात. पण मुकुंदनगर असो की झेंडीगेट, संगमनेर असो की श्रीरामपूर, सूर्य मावळला की आपल्या घरातला दिवा मुख्यतः कोळशावरच जळतो.

आपल्याला जवळचे कोळशाचे एक केंद्र म्हणजे नाशिकजवळचे एकलहरे. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, म्हणजे एकूण ६३० मेगावॅट. हे संच १९७९ ते १९८१ या काळातले, चाळिशी ओलांडलेले. चंद्रपूरचे केंद्र २,९२० मेगावॅटचे, पण ते खाणींच्या शेजारी. एकलहऱ्याला कोळसा रेल्वेने लांबून आणावा लागतो, म्हणून तिथली वीज महाग पडते. या सगळ्या केंद्रांची वीज एकाच जाळ्यात जाते. अमुक केंद्राची वीज अमुक शहराला असा हिशेब नसतो. तूट पडली की ती सर्वांची.

हिशेब घरगुती भाषेत मांडू. एक युनिट वीज करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. महिन्याला १०० युनिट वापरणारे घर, सगळी वीज कोळशाची धरली तर, ७० किलो कोळसा जाळते. आपल्या देशातल्या कोळशात राखेचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते. ती राख आणि तो धूर केंद्राशेजारच्या गावांच्या वाट्याला येतो. बटण आपण दाबतो, खोकला दुसऱ्याला होतो.

मग सौर ऊर्जा आहे ना? आहे, आणि दिवसा तिचा मोठा आधार आहे. आपल्याच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत शेतीच्या सौर फीडरची सुरुवात झाली. पण मागणी चढते ती संध्याकाळी, सूर्य नसताना. रमजानचेच पाहा. सहेरी पहाटेच्या अंधारात, इफ्तार सूर्यास्ताला, तरावीह रात्री. तिन्ही वेळा सौर पॅनेल कामाचे नाही. कोळशाचा थंड संच चालू करायलाही कित्येक तास लागतात, म्हणून तो दिवसरात्र धगधगत ठेवावा लागतो. या अडचणीवरचा एक उपाय आपल्या जिल्ह्यातच आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. मागणी कमी असताना तो खालचे पाणी वरच्या धरणात चढवतो आणि गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज करतो. चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही, पण ऐन गर्दीच्या वेळी मिळते. असे प्रकल्प वाढेपर्यंत रात्रीचा भार कोळशावरच राहणार.

आता मुद्द्याची गोष्ट. एप्रिल २०२२ मध्ये, ऐन रमजानात, उष्णतेची लाट आणि कोळशाची टंचाई एकदम आली आणि महावितरणने भारनियमन केले. ते सर्वांवर सारखे नव्हते. फीडरवर किती वीज सोडली आणि किती विजेचे पैसे वसूल झाले, यावरून ए ते जी असे गट पडतात. जी-१, जी-२, जी-३ या शेवटच्या गटांवर कुऱ्हाड आधी पडली. म्हणजे वेळेवर बिल भरणारे कुटुंबही शेजाऱ्याच्या आकड्यामुळे अंधारात बसले.

हा न्याय नव्हे. वीजहानी फक्त चोरीने होत नाही. जुन्या तारा, भार न पेलणारे ट्रान्सफॉर्मर, बिघडलेले मीटर हेही कारण असते आणि ते दुरुस्त करणे महावितरणचे काम आहे. प्रामाणिक ग्राहकाला सामूहिक शिक्षा देऊन ते काम होत नाही. पण आपली बाजूही स्वच्छ हवी. तारेवरचा आकडा हा सरकारला टाकलेला टोला नाही, तो शेजाऱ्याचा हक्क मारणे आहे. हुकूकुल इबादमध्ये माफी ज्याचा हक्क मारला त्याच्याकडेच मागावी लागते. चोरीच्या विजेवर रोषणाई करून इबादतीची शोभा वाढत नाही.

करण्यासारखे बरेच आहे. आपला फीडर कोणत्या गटात आहे, हे महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी विचारा. रमजान, ईद किंवा लग्नाच्या मांडवासाठी तात्पुरती जोडणी रीतसर घ्या. ट्रान्सफॉर्मर वारंवार उडत असेल तर मोहल्ल्याने मिळून, सह्या करून अर्ज द्या. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. मशिदी, मदरसे आणि शाळांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवले तर जोहर आणि असरच्या वेळचे पंखे आणि दिवसाच्या वर्गांचा खर्च तरी वाचेल. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला स्वतःचे छप्पर नसते, त्याच्यासाठी सामुदायिक छपरांचा विचार विश्वस्तांनी करावा.

कोळशाची पुढची टंचाई कधी येईल ते आपल्या हातात नाही. ती आली तेव्हा आपला मोहल्ला कोणत्या गटात असेल, हे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे. रमजानचा चाँद दिसण्याआधी जमातीच्या एखाद्या बैठकीत हा विषय घ्यायला हरकत नाही.