परवलीचा शब्द कोणापाशीं असावा?

घरांत एखादी नवी वस्तु आली म्हणजे ती कोठें ठेवावी याविषयीं सर्व मंडळी आपापलें मत देतात. परंतु ती बंद पडल्यास काय करावें, याचें ज्ञान मात्र बहुधा एकाच मनुष्यापाशीं असतें, आणि तो मनुष्य नेमका त्या वेळीं घरीं नसतो. पूर्वीं भिंतीवरच्या घड्याळास किल्ली देण्याचें काम घरच्या कर्त्या पुरुषाकडे असे. तो परगांवीं गेला तर घड्याळ थांबून राही. पण त्यावांचून कोणाचें फारसें अडत नसे. हल्लीं दिवाणखान्यांत आलेल्या 'स्मार्ट टीव्ही'ची गोष्ट तशी नाहीं. कीर्तन, बातम्या, परगांवच्या नातवंडांचे सोहळे हें सारें त्याच पडद्यावर दिसूं लागलें आहे. आणि घरांतील बिनतारी जाळ्याशीं, म्हणजे ज्यास सर्वत्र 'वायफाय' म्हणतात त्याशीं, तो संच जोडलेला नसेल तर यांतलें बरेंचसें दिसावयाचें नाहीं. हा संच जोडावा कसा, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे तो जोडण्याची विद्या घरांत कोणापाशीं असावी, या दोन गोष्टींचा विचार आज करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें गांव प्रतापगड. हें नांव ऐकतांच वाचकांचें मन साताऱ्याकडे व १६५९ सालच्या अफजलखानाच्या प्रसंगाकडे धांवेल. परंतु आमचा प्रतापगड तो नव्हे. हा गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, झाडीपट्टीच्या भाताच्या मुलुखांत आहे. टेकडी येथेंहि आहे, जुन्या किल्ल्याचे अवशेषहि आहेत. महादेवाच्या दर्शनास येणारे आणि दर्ग्यावर माथा टेकणारे अशा दोघांचीहि येथें ये-जा असते, व महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. किल्ला म्हटला कीं दरवाजा आला, दरवाजा म्हटला कीं पहारा आला, आणि पहारा म्हटला कीं परवलीचा शब्द आला. तो शब्द सांगणारास आंत प्रवेश मिळे. न सांगणारास बाहेर थांबावें लागे. आज ज्यास 'पासवर्ड' म्हणतात तो हाच. फरक इतकाच कीं, किल्ल्याचा परवलीचा शब्द आंत राहणाऱ्या शिबंदीस ठाऊक असे. आजच्या घराचा तो शब्द पुष्कळदां बाहेर राहणाऱ्यासच ठाऊक असतो!

ही केवळ विनोदाची गोष्ट नाहीं. आमच्या परिचयाच्या एका घरीं पंचाहत्तरी उलटलेल्या एक बाई एकट्या राहतात. चिरंजीव व सूनबाई नागपुरास, थोरला नातू पुण्यास शिकावयास. नातवानें मागल्या दिवाळींत संच आणून भिंतीवर लावून दिला, जोडून दिला, आणि सुटी संपतांच तो परत गेला. पावसाळ्यांत विजेच्या कडकडाटांत वायफायची पेटी, म्हणजे 'राउटर', जळाली. कारागिरानें दुसरी बसविली, बाईंचा मोबाईल तिच्याशीं जोडून दिला व तो गेला. नव्या पेटीचें नांव निराळें, शब्द निराळा. टीव्ही बिचारा जुन्याच नांवाची वाट पाहात राहिला. स्वातंत्र्यदिनीं धाकट्या नातीचें शाळेंत नृत्य होतें, व तें घरबसल्या दिसण्याची सोय शाळेनें केली होती. बाईंनीं तें तळहाताएवढ्या मोबाईलवर पाहिलें. म्हणजे खरें म्हटलें तर ऐकलें, कारण मोतीबिंदूमुळें दहा मुलींत आपली कोणती हें त्यांना शेवटपर्यंत कळलें नाहीं. "आतां नातू दिवाळीस येईल तेव्हां टीव्ही लागेल, गुरुजी," असें त्या आम्हांस शांतपणें म्हणाल्या. नवा शब्द पेटीच्या पाठीवर चिकटविलेल्या कागदावर छापलेला होता. रिमोट त्यांच्या उशाशीं होता. उणें होतें तें एवढेंच कीं, हें काम तुमचेंहि आहे, असें त्यांना कोणीं कधीं सांगितलें नव्हतें. पुढें आम्ही नुसते शेजारीं बसलों, आणि पांच-सात मिनिटांत त्यांनीं तें स्वतःच्या हातानें केलें.

१९७५ च्या ऑगस्टपासून एक वर्षभर आपल्या देशांत उपग्रहाच्या साह्यानें खेड्यांत दूरचित्रवाणी दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारें २४०० खेडीं त्यांत होतीं, व आमच्या शेजारचा रायपुराकडील मुलूखहि होता. ते संच शाळा, पंचायतघर अशा सार्वजनिक जागीं असत व कोणा एकाच्या हवालीं असत. गांवाच्या संचास एक राखणदार असावा हें योग्यच होतें. परंतु घरचा संच घरांत नसलेल्या राखणदाराच्या हवालीं ठेवणें, ही पद्धत मात्र आपण आपल्याच हातानें पाडली आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. प्रथम एक भेद मनांत पक्का करावा. बाहेरचें इंटरनेट आपल्या टीव्हीपर्यंत येतें तें दोन टप्प्यांनीं. पहिला टप्पा बाहेरून घरांतील पेटीपर्यंत. दुसरा पेटीपासून टीव्हीपर्यंत. बिघाड कोणत्या टप्प्यांत आहे हें कळलें म्हणजे अर्धें काम झालें. त्याची परीक्षा सोपी आहे. मोबाईलचें स्वतःचें इंटरनेट बंद करून तो केवळ वायफायवर ठेवावा व कांहीं उघडून पाहावें. मोबाईलवर तें उघडलें, पण टीव्हीवर उघडत नाहीं, तर दोष बहुधा दुसऱ्या टप्प्यांत, म्हणजे आपल्या आटोक्यांतला आहे. मोबाईलवरहि उघडत नसेल तर टीव्हीशीं झटापट करणें व्यर्थ. पेटी दोन मिनिटें बंद ठेवून पुन्हां चालू करावी, आणि तरीहि न जमल्यास सेवा देणाऱ्यास कळवावें. 'वायफाय जोडलें आहे, पण इंटरनेट नाहीं' असा जो मजकूर पडद्यावर कधीं कधीं येतो, त्याचा अर्थ बहुधा हाच कीं, दुसरा टप्पा शाबूत आहे, पहिला तुटला आहे.

दुसऱ्या टप्प्याची जोडणी अशी. रिमोटवर घराच्या चित्राचें बटण असतें तें दाबावें. पडद्यावर दांतेरी चक्राचें चित्र दिसेल, ती 'सेटिंग्ज'. तींत 'नेटवर्क' किंवा 'वायफाय' असें सदर असतें. तें उघडतांच आसपासच्या पेट्यांच्या नांवांची यादी येते. तींत शेजाऱ्यांचींहि नांवें असतात, म्हणून आपलें नांव आधीं कागदावरून ताडून पाहावें. तें निवडलें कीं परवलीचा शब्द विचारला जातो. पुष्कळांचा धीर येथें खचतो. इंग्रजी लहान लिपी आणि मोठी लिपी यांत यंत्र भेद मानतें. शून्य आणि 'ओ' हें अक्षर, एक हा अंक आणि लहान 'एल्', यांत डोळा फसतो. लिहिलेलीं अक्षरें ठिपक्यांआड लपत असल्यास जवळच बहुधा डोळ्याचें चित्र किंवा 'दाखवा' अशा अर्थाचा पर्याय असतो. तो निवडून प्रत्येक अक्षर पाहून घ्यावें. शब्द बरोबर असला तर टीव्ही तो स्मरणांत ठेवतो व पुढें विचारीत नाहीं.

सर्व ठीक असूनहि एखादें ॲप उघडत नसेल तर टीव्हीवरील तारीख व वेळ पाहावी. हें चमत्कारिक वाटेल, परंतु त्यास कारण आहे. दूरच्या यंत्राशीं बोलतांना टीव्ही त्याचें ओळखपत्र तपासतो, व त्या ओळखपत्रास मुदत असते. संचाचें घड्याळ कांहीं वर्षें मागें पडलेलें असेल तर खरें ओळखपत्रहि त्यास खोटें वाटतें आणि तो बोलणेंच नाकारतो.

मग प्रश्न येतो भिंतींचा. आमच्याकडील जुन्या घरांच्या मातीच्या भिंती हात-हात जाड असतात. उन्हाळ्यांत त्या सुख देतात, पण या लहरींस त्या अडवितात. अदृश्य लहरी भिंतीपलीकडे जाऊं शकतात हें जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास लोकांसमक्ष घंटा वाजवून दाखविलें होतें. परंतु जाऊं शकतात म्हणजे थकत नाहींत असें नव्हे. घरच्या पेटीपासून बहुधा दोन प्रकारच्या लहरी निघतात. एक २.४ गिगाहर्ट्झची, तिची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर. दुसरी ५ गिगाहर्ट्झची. तिची लांबी सुमारें सहा सेंटिमीटर. पहिली भिंत ओलांडण्यास बळकट, पण वेगानें मंद. दुसरी वेगवान, पण भिंतीपुढें लवकर थकणारी. यादींत पेटीचीं दोन नांवें दिसलीं तर त्याचें कारण बहुधा हेंच. टीव्ही पेटीच्याच खोलींत असेल तर दुसरी घ्यावी. मध्यें जाड भिंत असेल तर पहिली बरी. कांहीं स्वस्त संचांस पहिलीच कळते. त्यांच्या यादींत दुसरें नांव दिसलें नाहीं तर संच बिघडला असें समजूं नये.

पेटी उंच व उघड्या जागीं असावी. लोखंडी कपाटाआड, पत्र्याच्या पेटाऱ्यावर किंवा टीव्हीच्या पाठीशीं ती ठेवूं नये, कारण धातु या लहरींस परतवितो. स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह शेगडीहि २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालते. ती चालू असतां चित्र अडखळत असेल तर नवल नाहीं. आणि पेटी व टीव्ही जवळ-जवळ असतील तर बिनतारीचा हट्ट कशाला? एक तार दोहोंस जोडली कीं परवलीचा शब्दहि नको व भिंतीची अडचणहि नको. पेटी नसलेल्या घरीं मोबाईलच्या 'हॉटस्पॉट'वरहि टीव्ही चालतो. मात्र चांगलें स्वच्छ चित्र तासाला एक ते तीन जीबी खातें, हें लक्षांत ठेवावें.

आणखी एक युक्ति फार उपयोगी आहे. पेटी बदलली तर नव्या पेटीस जुनेंच नांव व जुनाच परवलीचा शब्द द्यावयास कारागिरास सांगावें. तसें केलें म्हणजे टीव्ही, मोबाईल वगैरे बहुतेक सर्व उपकरणें नव्या पेटीस जुनीच समजून आपोआप जोडलीं जातात. वर सांगितलेल्या घरीं एवढें एक वाक्य कोणीं बोललें असतें तर त्या आजींस नातीचें नृत्य मोठ्या पडद्यावर दिसलें असतें.

यावर कोणी म्हणतील, परवलीचा शब्द कागदावर लिहून ठेवणें धोक्याचें नाहीं काय? बँकेच्या व्यवहाराचा शब्द असेल तर होय. तो कोणासहि सांगूं नये व कोठें लिहूंहि नये. परंतु वायफायचा शब्द निराळा. दुरून जाळ्यांत शिरूं पाहणाऱ्यास आपल्या कपाटांतील वही दिसत नाहीं. त्यास उपयोगी पडतो तो घराचें नांव किंवा मोबाईलचा क्रमांक असा सहज तर्क करतां येणारा शब्द. म्हणून शब्द लांब व अवघड असावा, आणि अवघड आहे म्हणूनच तो लिहिलेला असावा. राहिला प्रश्न पाहुण्यांचा. महाशिवरात्रीच्या यात्रेस आमच्याकडे घरोघर पाहुणे येतात, व पाण्याच्या तांब्याबरोबर वायफायचा शब्द मागण्याचा प्रघात आतां पडलाच आहे. पुष्कळ पेट्यांत पाहुण्यांसाठीं निराळें नांव व निराळा शब्द ठेवण्याची सोय असते; ती करून घ्यावी. आतिथ्यहि होतें आणि घरचा शब्द घरांत राहतो.

दुसरा आक्षेप असा कीं, या वयांत हें शिकावें कशाला? तरुण मंडळी हें बोलून दाखवीत नाहींत, पण 'आजी, तूं राहूं दे' म्हणून रिमोट हातांतून घेतात, त्याचा अर्थ तोच. ज्या पिढीनें चुलीवरून गॅसवर आणि पोस्टकार्डावरून मोबाईलवर येण्याचें धैर्य दाखविलें, तिला चार बटणें दाबणें अवघड नाहीं. अवघड असतें तें न शिकवितां करून दाखविणें. शाळेंत आम्हीं एवढी आयुष्यें घालविलीं त्यांतून एक नियम हातीं लागला: खडू गुरुजींच्या हातांत असेपर्यंत विद्यार्थ्यास सारें समजल्यासारखें वाटतें, तो त्याच्या हातीं दिल्यावरच काय समजलें तें कळतें. रिमोटास हाच नियम लागू आहे.

म्हणून परगांवीं राहणाऱ्या मुला-नातवंडांस आमची एक सूचना आहे. सुटींत घरीं जाल तेव्हां जोडलेला टीव्ही एकदां मुद्दाम तोडा, रिमोट आजीच्या किंवा आजोबांच्या हातीं द्या, आणि स्वतःचे हात पाठीमागें बांधून शेजारीं बसा. त्या चुकतील, उशीर लागेल, तरी बोलावयाचें तें तोंडानेंच. तें साधलें कीं घरच्या हिशेबाच्या वहींत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत पेटीचें नांव, परवलीचा शब्द, ग्राहकक्रमांक, कारागिराचा दूरध्वनि आणि आजची तारीख त्यांच्याच हातानें लिहवून घ्या. शब्द बदलला कीं तें पान बदलावें. या साऱ्यास एक दुपार पुरे. दुसऱ्या दिवशीं तुम्ही गाडींत बसाल तेव्हां घरचा परवलीचा शब्द घरीं राहणाऱ्यांपाशींच असेल.