फॉर्मॅट कोण मारणार?

स्त्री-संघटनांच्या कार्यालयांत संगणक आला त्याला आता बरीच वर्षे झाली. तो बहुधा नवा नसतो. एखाद्या बँकेने, कंपनीने किंवा कॉलेजने वापरून बाजूला काढलेला देणगीत मिळतो, नाहीतर आपणच पैसे जमवून सेकंडहॅण्ड घेतो. हिशेब, अहवाल, केसची कागदपत्रे, बचत गटांच्या याद्या हे सारे आपल्या कार्यकर्त्या त्यावर करतात. पण तो बंद पडला की आपण हतबल होतो आणि कोण्या पुरुषाला फोन लावतो. तो दुकानदार असतो, कार्यकर्तीचा भाचा असतो, नाहीतर शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा पोरगा असतो. तो येतो, बटण दाबून पाहतो आणि सांगतो, "ताई, विंडोज उडालं. फॉर्मॅट मारावा लागेल." आपण विचारतो, "आतलं राहील ना?" तो म्हणतो, "बघू." आणि डबा उचलून घेऊन जातो.

या 'बघू'च्या भरवशावर आपण किती दिवस काढणार आहोत?

त्या डब्यात काय असते, ते यवतमाळपुरते सांगते. शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायांच्या याद्या असतात. कोणाचे प्रकरण एक लाखाच्या सरकारी मदतीला 'पात्र' ठरले, कोणाचे 'अपात्र', कोणाचे नाव सातबाऱ्यावर चढू नये म्हणून सासरचे अडून बसले आहेत, हे सारे त्यात असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली भरलेले घटना अहवाल असतात. झरी-जामणी भागातल्या कोलाम कुमारी मातांचा प्रश्न वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे गाजला. अशा कामाच्या नोंदींत आईचे नाव असते, लेकराचे असते आणि जो बाप जबाबदारी घेत नाही त्याचेही असते. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा पूर्वी भारतीय दंडविधानाच्या कलम २२८-अ खाली गुन्हा होता. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे कलम १६ तक्रारदार बाईची ओळख गुप्त ठेवायला सांगते. हे सगळे आपण प्रशिक्षणात इतरांना शिकवतो. कागदी फायलींच्या कपाटाला कुलूप लावतो, किल्ली जपतो. आणि तीच माहिती मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून बाजारात पाठवतो!

मैत्रिणींनो, या दुरुस्तीबाबत दोन गैरसमज आपल्या मनात पक्के बसले आहेत.

पहिला असा की विंडोज उडाले म्हणजे आतले गेलेच. हे खरे नाही. विंडोज ही यंत्र चालवणारी व्यवस्था. आपल्या फाइली वेगळ्या. व्यवस्था बिघडली तरी फाइली बहुतेक वेळा हार्ड डिस्कवर जशाच्या तशा असतात. लिनक्स नावाची मोफत व्यवस्था पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच संगणक सुरू करता येतो. मग जुनी डिस्क उघडून फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या, त्या उघडतात की नाही ते पाहायचे आणि त्यानंतरच नवी व्यवस्था टाकायची. डिस्कला आधीच सांकेतिक कुलूप असेल तर त्याची किल्ली लागते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा सुरू न करता जाणकाराकडे न्यावी. पण एरवी फाइली उतरवायला तास-दोन तास लागतात, आणि घाईच्या दुरुस्तीत नेमके तेच वगळले जाते. जुने मराठी फॉन्टही आठवणीने उतरवून घ्यावेत. युनिकोड येण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टमध्ये टाइप केलेली आपली पत्रके आणि अंक त्या फॉन्टशिवाय निव्वळ अक्षरांचा गोंधळ होऊन बसतात. चळवळीचा इतिहास जाळावा लागत नाही, फॉन्ट हरवला तरी पुरते.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे: फॉर्मॅट मारला की सारे पुसले गेले. साध्या, झटपट फॉर्मॅटने बहुधा फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पुस्तकाची पाने तशीच राहतात. फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामनेही ती परत वाचता येतात. आम्हाला देणगीत आलेल्या एका 'कोऱ्या' संगणकात आधीच्या कार्यालयातल्या माणसांचे पगार आणि आजारपणाच्या रजांचे अर्ज निघाले. आपण भंगारात दिलेल्या डिस्कमधून काय निघत असेल, याचा विचार करा. जुन्या फिरत्या डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत नवी माहिती लिहून काढावी लागते. एसएसडीसाठी ती बनवणाऱ्या कंपनीची पुसण्याची सोय वापरावी लागते. डिस्क मेलीच असेल तर ड्रिलने आरपार भोके पाडणे उत्तम. म्हणजे आज आपल्याकडे घडते ते असे: जे राहायला हवे ते जाते, आणि जे जायला हवे ते राहते.

यात बाजाराचाही हात आहे. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ च्या अटी अशा आहेत की २०१७-१८ च्या आधीचे बहुतेक संगणक त्यात बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण कंपनीच्या लेखी ते म्हातारे! मग दुकानातून चोरीचे विंडोज टाकून मिळते, आणि त्या कुलूप तोडलेल्या प्रतीसोबत घरभेदीही आत येऊ शकतो. लिनक्स मिंटसारखी व्यवस्था चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर चालते, परवान्याचे पैसे पडत नाहीत, मराठीत टाइप करता येते आणि ती टाकतानाच डिस्कला कुलूप घालता येते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' नावाची देशी लिनक्स तयार केली आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवरच शिकवतात. अडचणी नाहीत असे नाही. डिजिटल सहीची आणि अंगठ्याची यंत्रे अनेकदा विंडोजच मागतात. त्या कामापुरता एक संगणक वेगळा ठेवावा. केसच्या फाइली त्यावर नकोत.

काही जणी म्हणतील, बाईवर आधीच कामाचे ओझे थोडे आहे का, की आता स्क्रूही तिनेच पिळायचे? दुरुस्तीवाल्याला पैसे देऊ नका असे मी म्हणत नाही. जरूर द्या. पण तो काय करतो आहे हे कळण्याइतके आपल्याला आले पाहिजे, आणि काम आपल्या कार्यालयात, आपल्या डोळ्यांसमोर झाले पाहिजे. डॉक्टर कोणते औषध देतो हे विचारण्याचा हक्क बाईला आहे, असे आरोग्याच्या शिबिरांत आपणच सांगत आलो.

आणि हे बायकांचे काम नव्हे, असे कोणी ठरवले? 'कॉम्प्युटर' हा शब्द एकेकाळी आकडेमोड करणाऱ्या माणसांसाठी वापरत, आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे मांडलेल्या एनिॲक या यंत्राचे प्रोग्रामिंग सहा तरुणींनी केले. हजारो नळ्यांतली नेमकी कोणती बिघडली, हेही त्या शोधून काढत. श्रेय मात्र पुरुष अभियंत्यांना मिळाले. इकडे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बांदा जिल्ह्यात महिला सामाख्याच्या कामातून दलित, कोल समाजातल्या बाया हातपंप दुरुस्त करू लागल्या. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले आणि हजारो मुलींनी प्रमाणपत्रे घेतली. पण संगणक वापरणे आणि तो उघडणे यांत तीच रेघ आहे, जी चूल पेटवणे आणि गॅसची एजन्सी चालवणे यांत आहे.

उघडून तरी पाहा. यवतमाळसारख्या जिनिंगच्या गावात पंख्यात धूळ आणि कापसाचा तंतू अडकतो, उन्हाळ्यात यंत्र तापते आणि बंद पडते. ते मऊ ब्रशने साफ होते. स्क्रीन काळीच राहिली तर पुष्कळदा रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबरने हलकेच पुसून परत बसवली की काम भागते. तारीख वारंवार मागे जात असेल तर आतला नाण्याएवढा सेल बदलायचा. शिलाई मशीनची बॉबिन बसवणाऱ्या हाताला यात अवघड काय आहे?

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक संघटनेत किमान दोघींना हे काम यावे, आणि पासवर्डही त्या दोघींकडेच असावा, घरच्या पुरुषांकडे नको. कार्यालयात स्क्रू ड्रायव्हर, लिनक्सचा पेन ड्राइव्ह आणि कुलूपबंद कपाटातली प्रतीची डिस्क असावी. पूर्ण पुसल्याशिवाय एकही डिस्क उंबऱ्याबाहेर जाऊ नये. यंत्र दुकानात न्यावेच लागले तर डिस्क काढून घेऊन न्यावे. देणगीदारांना नवे यंत्र देताना फोटो हवा असतो; त्यांच्याकडून दुरुस्ती आणि प्रशिक्षणाचा खर्चही अंदाजपत्रकात मागून घ्यावा.

आपल्याकडे येणारी बाई दार लावून घेते, आवाज खाली आणते आणि मग बोलते. तिचे शब्द आपण त्या डब्यात ठेवतो. तो डबा कोण उघडणार, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडेच असला पाहिजे.